जर्मनबुवांचं आख्यान

माझ्या वडिलांचं बोलणं थांबलं नव्हतं, गाणं थांबलं होतं. हा फरक कोलंबसच्या डॉक्टरांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. त्यांनी घसा पाहिला, नाकातून नळी घालून आतलं पाहिलं. रक्त तर मी स्वतःच आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तपासलं. सगळं ठणठणीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, यांना गायचंच नाहीये. एवढं मलाही ठाऊक होतं, त्यासाठी नळी कशाला हवी होती?

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवरा इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर, मी लॅबमध्ये, लेक तेरा वर्षांची. आई गेल्यावर अप्पा नगरला एकटे राहिले होते. मला भाऊबहीण कोणी नाही, म्हणून दीड वर्षं फोनवर हट्ट करून मी त्यांना बोलावून घेतलं. विमानतळावर त्यांच्या बॅगेत चिपळ्या सापडल्या. कस्टमच्या माणसाने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि हे काय म्हणून विचारलं. एरवी अप्पांनी तिथेच वाजवून दाखवल्या असत्या. ते नुसतं "वुड" म्हणाले. गाडीत हे ऐकताना मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. गाणं सोडलेला माणूस चिपळ्या बरोबर कशाला आणेल?

अप्पा कीर्तनकार होते. ख्रिस्ती कीर्तनकार. हे दोन शब्द शेजारी पाहून पुष्कळ लोक थबकतात. आमच्या नगर जिल्ह्यात त्यात नवल नाही. मिशनऱ्यांनी पुस्तक आणलं, शाळा आणल्या, पण आमच्या माणसांना गोष्ट ऐकायची सवय उभ्याने सांगितलेली, मध्येच गायलेली, चिपळ्यांच्या तालावरची. मग बायबलही तसंच सांगायला लागले. अप्पा प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आणि रविवारी दुपारी खेडोपाडी कीर्तनं करत. धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं. मागे आई झांज घेऊन बसायची. अप्पा ओळ टाकायचे, आई ध्रुपद धरायची, आणि आईने धरलं की सगळा गाव धरायचा.

आई गेल्यानंतर कोणी विचारलंच तर ते एवढंच म्हणायचे, "मागे धरायला कोणी नाही."

त्यांचं सगळ्यात मागणी असलेलं आख्यान बायबलमधलं नव्हतं. ते होतं सोळाव्या शतकातल्या त्या जर्मन साधूचं, ज्याने पोपची सत्ता झुगारली आणि ज्याच्यामुळे प्रॉटेस्टंट पंथ जगात आला. मी या लेखात कोणाचंच नाव लिहिणार नाहीये, त्यांचंही नाही. तसं अप्पाही घेत नसत. खेड्यातल्या बायांच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून त्यांनी पहिल्यापासून जर्मनबुवा म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. लहानपणी मला जर्मनबुवा नगरजवळच्याच कुठल्या तरी गावचे वाटत.

आख्यान असं चालायचं. खाणकाम करणाऱ्या बापाचा हुशार पोरगा. बापाला वाटतंय वकील व्हावा. एके दिवशी पोरगा रानातून चाललाय, वीज पडते, घाबरून नवस बोलतो की वाचलो तर साधू होईन. होतो. मठात जातो, उपास करतो, थंडीत कुडकुडतो, पण देवाची भीती काही जात नाही. मग अभ्यास करता करता त्याला कळतं की देवाची कृपा मिळवावी लागत नाही, ती दिलेलीच असते; हात पसरायचा, बस. आणि इकडे गावोगाव काय चाललंय? पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकल्या जाताहेत. पैसे टाका, पाप माफ. बुवा संतापतात, आपल्या हरकती एका कागदावर लिहितात, आणि चर्चच्या दाराला ठोकतात. इथे अप्पा चिपळ्या डोक्यावर न्यायचे, गावाने श्वास रोखलेला असायचा, आणि एक, दोन, तीन असे ठोके. त्यावर ध्रुपद:

देव बोलतसे ज्याच्या त्याच्या बोली,
जुन्या दाराची रे कडी सैल झाली.

मग बादशहापुढची सुनावणी, शब्द मागे घ्यायला नकार, मित्रांनी किल्ल्यात लपवणं, आणि तिथे बसून बायबल साध्या जर्मनमध्ये आणणं. शेवटी लग्न. मठातून मासळीच्या पिंपांआड लपून पळालेल्या एका साध्वीशी. इथे आईची झांज फार जोरात वाजायची. अप्पा म्हणायचे, बुवा जगाशी भांडले पण बायकोपुढे गप्प, कारण घर ती चालवायची, गुरं ती राखायची, आल्यागेल्याला घरचं ताक ती पाजायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

हे सगळं मी अप्पांच्या तोंडून पन्नासदा ऐकलं होतं, आणि अमेरिकेत आल्यापासून एकदाही नाही. आठ महिने ते खिडकीत बसून मेपलचं झाड पाहत होते. जेवायला हाक मारली की येत, टीव्हीवरचं हवामान लक्ष देऊन ऐकत. नातीशी चांगली गट्टी होती, पण तीही पत्त्यांपुरती. मला सकाळी कामाला जाताना भीती वाटायची. कसली ते नीट सांगता येणार नाही; माणूस घरात असून नसल्यासारखा होत चालला होता.

आम्ही ज्या चर्चमध्ये जायचो ते शंभरेक वर्षांपूर्वी जर्मन शेतकऱ्यांनी बांधलं होतं. अजूनही निम्म्या लोकांची आडनावं जर्मन आणि हात शेतकऱ्यांचे. आणि पंथ थेट जर्मनबुवांचा. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार हा तिथे त्यांचा दिवस. त्या वर्षी दुपारच्या जेवणानंतर काहीतरी कार्यक्रम करायचा होता. पाळक, म्हणजे पाद्री, एक बाई होत्या, पन्नाशीच्या, उंच, हसऱ्या. मी बोलता बोलता त्यांना म्हणाले की माझे वडील तुमच्या सुधारकाची गोष्ट गाऊन सांगत असत. त्यांचे डोळे चमकले. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. मी म्हणाले अर्धा तास. अडीच तासांचं आख्यान! आणि अप्पांना न विचारता. माझा स्वभाव असाच आहे, आधी उडी मग पाणी किती ते बघायचं.

अप्पा म्हणाले, "नाही." भांडणसुद्धा केलं नाही.

मग पाळकबाई स्वतःच घरी आल्या, भोपळ्याचा केक घेऊन. अप्पांनी मला हळूच विचारलं, "पाळकाची बायको का?"

"नाही अप्पा, याच पाळक."

ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. नगरला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. पाळकबाईंनी चिपळ्या बघायला मागितल्या, हातात घेतल्या आणि चुकीच्या बाजूने वाजवल्या. अप्पांना ते बघवेना. त्यांनी त्या काढून घेतल्या आणि एक ठेका दाखवला, चारच मात्रांचा. बाई गेल्यावर मला म्हणाले, "मागे कोण धरणार?"

त्यांच्या तोंडचं हे वाक्य मी पूर्वीही ऐकलं होतं, पण तेव्हा तो नकार होता आणि आता तो प्रश्न होता. मी म्हणाले, "मी धरते."

खरं तर मला यायचं नाही. आईने लहानपणी किती वेळा शेजारी बसवायचा प्रयत्न केला, पण शाळेत पोरी चिडवायच्या म्हणून मी कधी झांजेला हात लावला नाही. आता चाळिशीत शिकायला बसले. पेटीसाठी महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंना विचारलं. पुण्याच्या, यजमान डॉक्टर, तीस वर्षं अमेरिकेत. त्या म्हणाल्या, "ख्रिस्ती कीर्तन? अगं, असतं?"

"असतं काकू. आणि अडीच तास असतं."

"मग मी येते. तिकडचं सुटल्यापासून एक धड कीर्तन कानावर पडलेलं नाही. कोणाचं का असेना."

भाषांतराचा प्रश्न उरला. अप्पांना इंग्रजी वाचता येत होतं, बोलायला जीभ वळत नव्हती. मी करते म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "तुझं इंग्रजी लॅबमधलं. बुवांनी पुस्तक आपल्या भाषेत आणलं ते घरातल्या बाया कशा बोलतात, रस्त्यावरची पोरं कशी बोलतात, ते ऐकून. इथल्या रस्त्यावरचं इंग्रजी हिला येतं." ही म्हणजे माझी लेक, जी मराठी सगळं समजायची आणि उत्तर निम्मं इंग्रजीत द्यायची.

ती म्हणाली, "ओके, पण मला रिसर्च करावा लागेल."

पहिले दोन आठवडे फार मजेत गेले. मी घरी यायची तर अप्पा दिवाणखान्यात उभे, उपरण्याच्या जागी आमच्या बाथरूमचा टॉवेल, आणि समोर लेक वही घेऊन. पापक्षमेच्या चिठ्ठ्या कशा सांगणार, अप्पांनी विचारलं. ती म्हणाली, "कूपन्स. सिन कूपन्स." तेव्हा रविवारच्या पेपरात सवलतीच्या कूपनांचा गठ्ठा यायचा आणि आम्ही सगळेच कात्री घेऊन बसायचो. अप्पांना ते एकदम पटलं. अजून ते गात मात्र नव्हते. ओळी नुसत्या बोलून दाखवत, सुराच्या जागी हात हलवत. मी वाट पाहायची असं ठरवलं होतं.

मग लेक लायब्ररीतून जाड पुस्तकं घेऊन आली.

"आजोबा, त्या बाई ताक नव्हत्या करत. शी मेड बिअर."

अप्पा कधी नव्हे ते ओशाळले. "अगं, आमची मंडळी दारूबंदीवाली. बिअर म्हटलं असतं तर अर्धा गाव उठून गेला असता. म्हणून मी ताक केलं."

"दॅट्स चीटिंग."

"थोडंसं."

आम्ही तिघंही हसलो. चार दिवसांनी तिने दुसरं पुस्तक उघडलं तेव्हा कोणी हसलं नाही.

तो शनिवार होता, दुपारची वेळ, मी पोळ्या लाटत होते. लेक जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही कधीच सांगितलं नाही." तिने वाचून दाखवलं. बुवांची पुस्तकं वाचून जर्मन शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले. आधी बुवांनी जमीनदारांना चार शब्द सुनावले. पण दंगे वाढल्यावर त्यांनी लिहिलं की या शेतकऱ्यांना कापून काढा. आणि तसे हजारो कापले गेले. मग तिने पान उलटलं. म्हातारपणी त्यांनी ज्यू लोकांविरुद्ध लिहिलं, की त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा.

लेकीची सगळ्यात जवळची मैत्रीण ज्यू होती. महिन्यातले दोन शुक्रवार ही त्यांच्याकडे जेवायला असायची. ती मैत्रीण कार्यक्रमाला येणार होती, पहिल्या रांगेत जागा धरून ठेवायचं ठरलं होतं.

"शी विल बी सिटिंग राइट देअर," लेक म्हणाली. "आणि मी सांगू की ही वॉज अ हीरो? आय कान्ट."

अप्पा म्हणाले, "शेतकऱ्यांचं ठाऊक होतं मला. बायबलच्या शाळेत शिकवलं होतं." मग पुस्तक स्वतःकडे ओढून, "दुसरं ठाऊक नव्हतं."

"मग ठाऊक होतं ते का नाही सांगितलं?"

माझं डोकं फिरलं. आठ महिने मी वाट पाहत होते, माणूस आत्ता कुठे खिडकीतून उठला होता. मी लाटणं आपटून लेकीला म्हणाले, "एक दिवस गप्प बसता येत नाही का तुला? पाचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी आजोबांना छळायचं?" आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

"तिला काही बोलू नकोस," अप्पा म्हणाले. "माझंच चुकलं. मी नाही करणार." ते उठले, चिपळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि बॅगेत ठेवल्या. बॅगेच्या चेनचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

सोमवारी मी पाळकबाईंना फोन केला. म्हटलं कॅन्सल करू या, आणि कारणही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही फार उशिरा आणि फार हळू आवाजात सांगायला लागलो. कार्यक्रम त्यांनी रद्द केला नाही. रविवारपर्यंत जागा ठेवते, म्हणाल्या. मी अप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग ते लोक काय करतात?"

"चुकलं म्हणतात. आणि त्यांचीच गाणी गातात."

अप्पा खिडकीशी जाऊन बसले.

बुधवारी आम्ही दोघं अंगणात पानं ओढत होतो. मेपलची पानं ढिगाने पडली होती, आणि वेळेवर ओढली नाहीत तर शेजारी बोलून दाखवत नाहीत, नुसतं बघतात. अप्पा दाताळं टेकून उभे राहिले. म्हणाले, "तुला माहीत नाही. माझा आजा दुसऱ्याच्या रानात राबायचा. त्याला चावडीत जाता येत नव्हतं, विहिरीवर चढता येत नव्हतं. मिशनच्या शाळेत त्याच्या हातात मराठी पुस्तक आलं, आणि गावात पहिल्यांदा आमच्या घरात अक्षर आलं. ते पुस्तक कोणामुळे? ज्याने पहिल्यांदा म्हटलं की पुस्तक सगळ्यांचं आहे, त्याच्यामुळे. लोक आम्हाला बाटगे म्हणायचे. त्यात मीच उभं राहून आपल्या माणसाचं उणं काढू? म्हणून गाळलं. चाळीस वर्षं गाळलं."

मी पानं ओढत राहिले.

तेवढ्यात लेक शाळेच्या बसमधून उतरली. गेले चार दिवस दोघं एकमेकांशी जपून बोलत होते. अप्पांनी तिला हाक मारली. "त्या शेतकऱ्यांचं मागणं काय होतं गं? पुस्तकात आहे का?"

तिने पाठीवरची बॅग उतरवली, पायरीवर बसून पुस्तक काढलं. बारा मागण्या होत्या. आमचा पाळक आम्हाला निवडू द्या. जंगलातलं लाकूड तोडू द्या. ओढ्यातली मासळी धरू द्या. आम्हाला कोणाची मालमत्ता समजू नका. आणि पुस्तकात दाखवून द्या की आमचं मागणं चूक आहे, मग मागे घेतो. ती एकेक वाचत होती, मी मराठीत सांगत होते. तिसऱ्या-चौथ्या मागणीला अप्पा पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"हे माझ्या आजाचं गाऱ्हाणं आहे," ते म्हणाले. "आणि मी इतकी वर्षं दुसऱ्याच बाजूला उभा होतो."

त्यांनी तिची पेन्सिल मागून घेतली. तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले, खोडायला लागले, बोटांवर मात्रा मोजायला लागले. अंधार पडायच्या आत उठा असं मला दोनदा सांगावं लागलं.

रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. लांब टेबलांवर बटाट्याचं सॅलड, सॉसेज, आंबट कोबी, आणि काकूंनी केलेली साबुदाण्याची खिचडी, जी सगळ्यात आधी संपली. अप्पांनी धोतर नेसलं, काळा कोट घातला. मी झांज घेऊन खाली सतरंजीवर बसले. काकूंनी पेटीचा भाता उघडला. लेकीने फळ्यावर ध्रुपद इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं होतं. तिची मैत्रीण पहिल्या रांगेत बसली होती, केसांना दोन क्लिपा लावून. लेकीने सुरुवातीला सांगितलं, कीर्तन म्हणजे काय. "इट्स लाइक स्टँड-अप, बट विथ गॉड. अँड यू गॉट्टा सिंग."

मी अप्पांकडे पाहत होते. काकूंनी सूर दिला. अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते ओळ नुसती बोलणार, हात हलवणार. आणि मग त्यांनी सूर लावला.

आवाज थरथरत होता. वरचा षड्ज लागला नाही, खालून घसरून आला. पण तो गाणारा आवाज होता, आणि मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी ध्रुपद धरायचं विसरले. काकूंनी पेटीवरून डोळे वटारले तेव्हा कुठे झांज वाजली, तीही उशिरा.

खाणीतल्या पोराला माणसं लगेच भाळली. सिन कूपन्सला हॉल हसला. दाराला कागद ठोकताना अप्पांनी चिपळ्या डोक्यावर नेल्या, तीन ठोके दिले, आणि मागच्या टेबलावरचा एक म्हातारा शेतकरी आपणहून टेबलावर मूठ आपटून बसला. बादशहापुढचा प्रसंग झाला. साध्वीशी लग्न झालं. अप्पा थांबले आणि लेकीकडे पाहून म्हणाले, "सांग यांना. इथे मी चाळीस वर्षं ताक म्हणालो. ती बिअर होती." तिने सांगितलं. इतकं हसू त्या तळघराने कधी ऐकलं नसेल.

एरवी आख्यान इथे संपायचं. अप्पांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि सावकाश, साध्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, आणखी दोन गोष्टी मी चाळीस वर्षं सांगितल्या नाहीत. एक ठाऊक असून, एक ठाऊक नसल्यामुळे. ठाऊक करून घेतली नाही, हाही माझाच दोष. बुवांनी ज्यू शेजाऱ्यांबद्दल काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं, काही मऊ न करता. लेकीने भाषांतर केलं, पहिल्या रांगेकडे न बघता. पाळकबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मग अप्पा म्हणाले, की शेतकरीही एक दिवस कागद घेऊन आले. बुवांनीच त्यांना वाचायला शिकवलं होतं, आणि बुवांनीच त्यांना कापून काढा असं लिहिलं. ज्यांनी एकदा दार ठोकलं, त्यांच्याच दारात हे उभे राहिले. कोण कोण उभं होतं बाहेर? शेतकरी उभा होता, ज्यू उभा होता. माझा आजा उभा होता.

त्यांनी चिपळ्या वर नेल्या. मी झांज सावरली. पण ठोका पडला नाही. त्यांनी हात खाली आणला आणि चिपळ्या लेकीपुढे धरल्या.

हे ठरलेलं नव्हतं. ती गोंधळली. "मी?"

"तू ठोक."

तिने चिपळ्या घेतल्या, चुकीच्या बाजूने धरल्या, मग फिरवून नीट धरल्या. एक. दोन. मध्ये थोडी जास्तच थांबली. तीन.

अप्पा काही वेळ ऐकल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "बुवांनी दार उघडलं नाही. पण ठोकायचं कसं ते त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून त्यांचं गाणं आम्ही सोडत नाही, आणि ठोकणंही सोडत नाही." लेकीने हे कसं सांगितलं ते मला आठवत नाही, कारण मी रडत होते. अप्पांनी ओळ टाकली. मला धरता आली नाही. ती धरली लेकीने. तेरा वर्षांत जी माझ्याशी इंग्रजी मिसळल्याशिवाय धड एक वाक्य बोलली नव्हती, तिने सुरात, मोठ्याने म्हटलं, जुन्या दाराची रे कडी सैल झाली. मग तिची मैत्रीण फळ्यावर बघत अडखळत म्हणायला लागली, मग पाळकबाई, मग तो मागचा म्हातारा. उच्चार भयंकर होते. आईने ऐकले असते तर खूश झाली असती.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम पावणेतीन तास चालला आणि कोणी घड्याळाबद्दल तक्रार केली नाही. काकू निघताना मला म्हणाल्या, "तुझी झांज अगदीच वाईट आहे गं." मी म्हटलं ठाऊक आहे.

गाडीत अप्पा पुढे बसले होते, लेक मागे. चिपळ्या अजून तिच्याच मांडीवर होत्या, तिने परत दिल्या नव्हत्या आणि त्यांनी मागितल्या नव्हत्या. घराच्या वळणावर अप्पा मागे वळून तिला म्हणाले, "तिसरा ठोका उशिरा पडतो तुझा. उद्या शाळेतून आलीस की बस माझ्यासमोर."

"आफ्टर होमवर्क," ती म्हणाली.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि सीटवर बोटांनी ताल धरून गुणगुणायला लागले.